गाडीत मशिनं कशी ठेवता? (पाऊस, ऊन, खड्डे, चोर सगळं धरून)

रंधा | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोंड्याला फर्निचरची कामं घेतो. मी आणि दोन पोरगे. गाडी ईको, मालवाहू पासिंगची. मागे दहा इंची चॉप सॉ (वरून पातं खाली आणून लाकूड कापायचं मशीन), राउटर, ट्रिमर, दोन ग्राइंडर, हॅमर ड्रिल, दोन कॉर्डलेस, जिगसॉ, विजेवरचा रंधा, वायरची वेटोळी आणि स्क्रूचे डबे. ठेवायची पद्धत म्हणाल तर सकाळी जो पोरगा गाडी भरेल त्याची पद्धत.

परवा फर्मागुढीच्या उतारावर गाय आडवी आली. गाय वाचली. पण ब्रेक मारला तसं चॉप सॉ मागून घसरत आलं आणि बाजूच्या सीटच्या पाठीवर आपटलं. सीटवर पोरगा होता. मुका मार बसला, बाकी काही नाही. मशीनची मागची, लाकूड टेकवायची आडपट्टी वाकली, आता ४५ अंशात कापलेले दोन तुकडे कोपऱ्यात जुळत नाहीत. मध्ये केस जाईल एवढी फट राहते.

तर प्रश्न असा: एकावर एक अडकणारे तयार डबे मिळतात ते घ्यावेत, की प्लायचा रॅक मारावा? सुतारालाच हा प्रश्न पडलाय, हसून घ्या. आणि पाऊस तोंडावर आहे. गेल्या वर्षी रंध्याची पाती नवी कोरी असून तांबडी झाली.

तिसऱ्यो | ९ जून, रात्री ९:५२

सुताराच्या गाडीत रॅक नाही, वायरमनच्या घरात दिवा नाही. चालू द्या.

वायरमन_म्हापसा | ९ जून, रात्री १०:०५

दिवा आहे रे, फक्त स्विच सापडत नाही.

रंधाबाब, मी तयार डबे वापरतो, तीन वर्षं झाली. चांगले आहेत, पण एक सांगतो. ते एकमेकांना अडकतात, गाडीला नाही. चार डब्यांची चळत तयार होते आणि वळणावर अख्खी चळतच आडवी होते. म्हणजे पूर्वी एकेक पडायचं ते आता एकदम पडतं. खाली जमिनीला हुक मारून वरून रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचा पट्टा) ओढलात तर उपयोग. इलॅस्टिकची दोरी नको. ती ताणली जाते, धरून ठेवत नाही.

पेन्शनर | १० जून, सकाळी ६:१५

वास्कोला जहाजदुरुस्तीत उभी हयात गेली, त्यातली अकरा वर्षं टूल रूममध्ये. मूळ लेखात एक गोष्ट कुणी विचारली नाही. मालवाहू ईकोत सीटच्या मागे जाळी असते ना? चॉप सॉ सीटपर्यंत पोचलंच कसं?

रंधा | १० जून, सकाळी ७:३०

काका, पकडलंत. जाळी मीच काढली होती. आठ फुटी पट्ट्या आत घालायच्या तर पुढच्या दोन सीटच्या मधून न्याव्या लागतात. दोन वर्षं ती जाळी माझ्या पडवीत आहे, तिच्यावर दोडक्याचा वेल चढलाय.

पेन्शनर | १० जून, सकाळी ७:४१

दोडका उतरवा. जाळी बसवा. रॅकचं नंतर बघू.

फळा_खडू | १० जून, दुपारी २:२०

मडगावला भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही. दहा इंची चॉप सॉ साधारण १४-१५ किलोचं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली असताना त्याच्यात जी ऊर्जा असते ती त्याला १० मीटर उंचीवरून सोडल्याएवढी. तिसऱ्या मजल्यावरून चॉप सॉ खाली उभ्या माणसावर टाकलं असं समजा. यात वजनाचा संबंध नाही, स्क्रूचा डबाही त्याच उंचीवरून पडणार.

बेळगावी_कुंदा | १० जून, दुपारी ३:०२

सर, थोडं थांबा. मग पोरगा वाचला कसा? तिसऱ्या मजल्याचं चॉप सॉ पाठीत बसलं असतं तर इथे धागा वेगळाच निघाला असता.

फळा_खडू | १० जून, दुपारी ३:३०

बरोबर पकडलंत. माझा हिशोब भिंतीवर धडकून जागच्या जागी थांबणाऱ्या गाडीचा. नुसत्या ब्रेकमध्ये गाडी हळूहळू थांबते आणि मशीनला तिच्यापेक्षा थोडाच जास्त वेग मिळतो. तो किती, हे मशीनला घसरायला किती जागा मिळाली त्यावर ठरतं. मीटरभर मोकळी जागा असेल तर फूटभर उंचीवरून पडल्याएवढा दणका. जागाच नसेल तर शून्य.

म्हणून मुद्दा बांधण्याच्याही आधीचा आहे: जड वस्तू पुढच्या जाळीला किंवा फळीला चिकटवून ठेवा, मध्ये बोटभरही फट नको. खाली रबराची चटई टाका, पत्र्यावर लोखंड साबणासारखं घसरतं. युरोपात माल बांधायचा जो हिशोब आहे त्यात बांधणीने पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर पेलावा लागतो. पुढचा आकडा मोठा का, ते आता गायीला विचारा.

तिसऱ्यो | १० जून, दुपारी ३:३४

गाय म्हणते, मी रस्त्यावर बांधलेली नव्हते हाच मूळ प्रश्न आहे.

खारवट | १० जून, रात्री ८:४८

मी एसी दुरुस्तीवाला, कांदोळी ते मोरजी पट्टा. तुम्ही फोंड्याला गंज गंज करता, किनाऱ्यावर या. इथे हवाच खारट. ड्रिल बंद डब्यात होतं तरी बिट धरणारा चक जाम झाला, चावीच फिरेना.

माझी चूक सांगतो. डब्यात मशीनच्या आकाराचा स्पंज कापून बसवला होता, दिसायला झकास. पण तो साधा गादीचा स्पंज. एकदा पावसात डबा उघडला, चार थेंब आत गेले आणि पुढचा आठवडाभर मशीन ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं राहिलं. पाणी न पिणारा, योगा मॅटसारखा दाट फोम असतो तोच घ्यावा. भुसाही तसाच. लाकडाचा भुसा हवेतली ओल ओढून घेतो. रंधाबाबच्या पात्यांना गाडीतल्या पाण्याने गंज लागला नसेल, पात्याला चिकटलेल्या भुशाने लागला असेल.

आणि सरकत्या दाराच्या खालची पन्हळ बघा. तिथली पाणी निघून जायची भोकं भुशाने बुजली की पाणी आत चटईखाली येतं. वरून सगळं कोरडं दिसतं, चटई उचलली की तळं.

रंधा | १० जून, रात्री ९:१५

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. चारातली तीन भोकं बंद. एकातून गवत उगवलंय.

कुळागर | ११ जून, सकाळी ६:५०

गवत कापायचं मशीन माझ्याकडे आहे, सावईवेऱ्याहून येतो.

थट्टा सोडा, पण पेट्रोलवरची मशिनं आणि बॅटरी एकाच बंद गाडीत नेऊ नका. माझं ब्रश कटर आणि चेन सॉ दोन्ही पेट्रोलवर. मागे कॅनचं झाकण नीट लागलं नव्हतं, दार उघडल्यावर वास नाकात गेला आणि त्याच वेळी मागे चार्जर लावलेला. काही झालं नाही हे नशीब. आता पेट्रोल पिकअपच्या उघड्या हौद्यात, उभं, बांधून. चेन सॉच्या पात्यावर म्यान. म्यान हरवलं असेल तर पाण्याचा जुना पाइप उभा चिरून पात्यावर चढवा, फुकटात काम होतं.

वायरमन_म्हापसा | ११ जून, सकाळी ८:१०

चार्जरचा विषय निघालाच आहे तर. गाडीच्या सिगरेट लायटरच्या सॉकेटवर इन्व्हर्टर लावून चार्जर चालवणारे बरेच आहेत. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टला १२० ते १८० वॅट. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर २५ अँपिअरच्या वर ओढतो. फ्यूज उडाला की लोक मोठा फ्यूज घालतात आणि मग वायर फ्यूजचं काम करते. लावायचंच असेल तर थेट बॅटरीवरून जाड वायर आणि बॅटरीजवळच वेगळा फ्यूज.

ओसरी | ११ जून, सकाळी ११:०५

मी कारागीर नाही, घरची गिऱ्हाईक. पण आमच्याकडे आलेल्या मेस्तांची कॉर्डलेसची बॅटरी भर मे महिन्यात दुपारी गाडीत होती. चार्जरला लावली तर नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. मेस्त म्हणाले, बॅटरी मेली. मी म्हटलं, पंख्याखाली ठेवून बघा. अर्ध्या तासाने गपचूप चार्ज व्हायला लागली.

वायरमन_म्हापसा | ११ जून, सकाळी ११:३०

ताई, बरोबर निदान. लिथियम बॅटरी तापलेली असली की चांगला चार्जर तिला घेतच नाही. बहुतेक कंपन्या चार्जिंगची मर्यादा ४०-४५ अंश सांगतात. मे महिन्यात उन्हात बंद गाडी ५० च्या वर सहज जाते.

ईको आणि जुन्या ओम्नीवाल्यांना खास सूचना: इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ‘सीटच्या मागची जागा हाताशी येते’ म्हणून बॅटऱ्या तिथे ठेवाल तर खालून भाजून निघतील. बॅटऱ्या मागच्या दाराकडे, सावलीच्या बाजूला, मशीनमधून काढून. मशीनला लावलेल्या राहिल्या तर ट्रिगर दाबला जाऊन ड्रिल डब्यातल्या डब्यात फिरत राहतं. आणि बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर प्लॅस्टिकची टोपी हवीच. टोपी नाही आणि शेजारी सुटे स्क्रू, मग शॉर्ट व्हायला काय लागतं?

बेळगावी_कुंदा | ११ जून, दुपारी १:१५

अवांतर: मोपाहून विमानाने कामाला गेलो होतो. ड्रिल आणि दोन बॅटऱ्या सगळं मोठ्या बॅगेत घालून दिलं. नाव पुकारून बोलावलं, बॅग उघडायला लावली. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत न्यायच्या. ड्रिल उलट, हातातल्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास, म्हणजे बसते. मोठी असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी.

विषयावर येतो. चोर्ला घाटातून दर आठवड्याला ये-जा. ड्रॉवरवाला रॅक केला होता, ड्रॉवर मागच्या दाराकडे उघडणारे. घाट चढायला लागलं की चारही ड्रॉवर हळूच उघडायचे आणि मागच्या दाराला टेकून बसायचे. वर पोचून दार उघडलं की ड्रिल मांडीवर. ड्रॉवर केलेत तर प्रत्येकाला कडी करा, नुसत्या लोहचुंबकावर भरवसा नको. ड्रॉवर सरकतात ते टेलिस्कोपिक चॅनेल घरच्या कपाटासाठी असतात, खड्ड्यांचा मार त्यांना फार दिवस सोसत नाही. गोळ्या गळून पडतात.

तिसऱ्यो | ११ जून, दुपारी १:२०

दिवाडीला फेरीबोटीत चढताना माझे पण असेच. ड्रॉवर नव्हते, जेवणाचे डबे होते. हुमण सगळं मागे.

पेन्शनर | ११ जून, संध्याकाळी ५:३०

ग्राइंडरबद्दल कुणी बोललं नाही. डिस्क लावलेला ग्राइंडर गाडीत टाकू नका. १०० मिलिमीटरची डिस्क ११,००० फेऱ्यांवर फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. गाडीत तिच्यावर हॅमर पडून तिला डोळ्याला न दिसणारी चीर गेली तर ती चीर साइटवर तोंडासमोर उघडणार. आमच्याकडे एकाची डिस्क अशीच फुटली, गार्ड होता म्हणून गाल वाचला.

डिस्क काढा, उभ्या नव्हे तर आडव्या, सपाट डब्यात ठेवा, मध्ये पुठ्ठा. आणि ओल लागू देऊ नका. राळेने बांधलेली डिस्क ओलीने कमजोर होते. म्हणून तर मधल्या लोखंडी कडीवर मुदत छापलेली असते, ‘व्ही ०७/२०२६’ अशी काहीतरी. बनल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षं. कधी वाचली आहे का कुणी?

खारवट | ११ जून, संध्याकाळी ६:१०

वाचली. आत्ताच. माझ्याकडच्या नऊपैकी पाच वारल्यात.

रंधा | ११ जून, रात्री ९:००

माझ्याकडे एक अशी आहे की तिची मुदत संपली तेव्हा धाकटा पोरगा शाळेत होता.

काका, गंजावर काय करायचा तुम्ही टूल रूममध्ये?

पेन्शनर | १२ जून, सकाळी ६:०५

कापूर. पेटीच्या कोपऱ्यात दोन वड्या फडक्यात बांधून. जुन्या सगळ्या फिटरांच्या पेटीत सापडेल. त्याची वाफ लोखंडावर बसते. पण पेटी घट्ट बंद होणारी पाहिजे, नाहीतर कापूर आठ दिवसांत उडतो. शिवाय काम संपल्यावर पाती पुसून मशीन ऑइलचा हात. स्प्रे मारून मोकळे होऊ नका. ते स्प्रे पाणी घालवायला चांगले, पावसाळाभर राखायला नाहीत.

तिसऱ्यो | १२ जून, सकाळी ८:२०

पेटीत कापूर, शेजारी बॅटरी. आरती तयार.

पेन्शनर | १२ जून, सकाळी ८:२५

प्रथमच कामाचं बोललास. कापूर पात्यांच्या पेटीत, बॅटरीच्या नव्हे. बॅटरीच्या डब्यात सिलिका जेल घाला.

ओसरी | १२ जून, सकाळी १०:४०

सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात. पण घरच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. ही सूचना नवऱ्याने माझा भाकरीचा तवा वापरल्यानंतरची आहे. आता त्याला वेगळा तवा आहे, वेगळी शेगडी आहे आणि अंगणात वेगळी जागा आहे.

जमाखर्च | १२ जून, दुपारी १२:३०

नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं काम, कागद मी बघते. तुमच्या गप्पांत चोर राहिलेच.

मागच्या डिसेंबरात एका हॉटेलच्या साइटबाहेर आमची गाडी फोडली. वेल्डिंग मशीन आणि दोन ग्राइंडर गेले. आम्हाला वाटलं, गाडीचा पूर्ण विमा आहे. तो गाडीचा असतो. आत ठेवलेल्या मशिनांना गाडीच्या पॉलिसीत संरक्षण नसतं, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि तिच्यातही ‘गाडी रात्री कुठे उभी होती’ ही अट नीट वाचा. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, सिरियल नंबर? एकाचाही नव्हता. बिलावर नुसतं ‘ग्राइंडर १’.

आता प्रत्येक मशीनच्या सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो, बिलाचा फोटो, आणि मशीनच्या अंगावर कोरून आमची खूण. तीच यादी साइटवर जाताना डिलिव्हरी चलान म्हणूनही उपयोगी पडते. पत्रादेवी ओलांडून सिंधुदुर्गात काम असलं की कुणी अडवून ‘हा विक्रीचा माल का’ विचारलं तर दाखवायला कागद असतो.

वायरमन_म्हापसा | १२ जून, दुपारी १:००

ताई, मी रोज रात्री सगळं घरात उतरवतो. चोरीचा प्रश्नच नाही.

जमाखर्च | १२ जून, दुपारी १:१०

तुमची मशिनं दोन हातांत मावतात हो. आमचं वेल्डिंग मशीन, बार कटर आणि सिलिंडर रोज उतरवायचे तर नवरा कंबरपट्टा लावून येईल घरी. आम्ही गाडीचं मागचं दार भिंतीला चिकटवून लावतो आणि सरकत्या दारांना आतून कड्या केल्यात. जड ते गाडीत, महाग आणि हलकं ते घरात.

रंधा | १२ जून, रात्री १०:०५

जड ते गाडीत, महाग आणि हलकं ते घरात. हे पटलं. पण जाळी बसवली तर माझ्या आठ फुटी पट्ट्यांचं काय? टपावर टाकू?

बेळगावी_कुंदा | १२ जून, रात्री १०:२०

टपावर टाका, पण पुढे-मागे बाहेर येऊ देऊ नका. गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० दंड आहे. एवढ्यात तुमचे तयार डबे, प्लाय आणि रबर चटई सगळं येईल.

तिसऱ्यो | १२ जून, रात्री १०:२२

आणि उरलेल्यात गायीला गळ्यातली घंटा.

रंधा | २१ सप्टेंबर, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. चतुर्थीच्या कामांत लिहायचं राहून गेलं.

दोडका खाऊन संपला, मग जाळी उतरवली. ती परत बसवली, पण डाव्या बाजूला खाली सहा इंच रुंद, चार इंच उंच खिडकी कापून घेतली आणि तिला लोखंडी पट्टीची चौकट वेल्ड करून मारली. पट्ट्या तिथून पायाकडे जातात. चॉप सॉ जाणार नाही.

डबे की रॅक, याचं उत्तर: दोन्ही थोडं थोडं. तयार डबे तीनच घेतले, कॉर्डलेस, ट्रिमर आणि जिगसॉसाठी. हे रात्री घरात. बाकीचं १२ मिलिमीटरच्या ७१० प्लायचं, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या. साधा प्लाय गाडीत फुगतो हे मला गिऱ्हाइकाला सांगायला येतं, स्वतःसाठी मात्र मी आधी दुकानात उरलेला साधाच लावायला निघालो होतो. पोरग्याने हटकलं. ड्रॉवर नाहीत, कप्पे आहेत, आणि प्रत्येक कप्प्याचा तळ आतल्या बाजूला बोटभर उतरता. खड्ड्यात मशीन आत सरकतं, बाहेर येत नाही. चॉप सॉ जमिनीवर, जाळीला चिकटून, खाली रबर, वरून बेल्ट. डिस्क आडव्या, पुठ्ठ्यासकट. चार भोकं आता दर शनिवारी तारेने साफ करतो.

तीन महिने पाऊस बघितला. रंध्याची पाती कापराच्या पेटीत होती, काल काढली, नखाने खरवडून बघितलं, काही नाही. फक्त दोन दिवस कुठलंही लाकूड रंधलं की देवळाचा वास येतो.

पेन्शनर | २१ सप्टेंबर, रात्री ८:५०

आडपट्टी सरळ केलीस का?

रंधा | २१ सप्टेंबर, रात्री ८:५५

नवी मागवली काका. काटकोनाच्या गुण्याला धरून बघितली, पोस्टकार्डाचा कागदही जात नाही मधून.

खारवट | २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

फोटो टाका की. खिडकीचा पण.

तिसऱ्यो | २१ सप्टेंबर, रात्री ९:१४

आधी हूक मारून सगळं छताला टांगलं असशील असं वाटलं होतं. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगतात तशी माटोळी बघायला येणार होतो.

रंधा | २१ सप्टेंबर, रात्री ९:२०

ये. वायरची वेटोळी टांगली आहेतच. फोटो उद्या उजेडात काढतो, पोरगा गाडी घेऊन बांदोड्याला गेलाय.